धोंडाबाईचे हरवलेले नऊ दिवस

अण्णा,

परवा तुमच्या डाळ मिलच्या पत्र्याखाली वीस-पंचवीस माणसं तुमच्यावर हसली, आणि मी त्यांच्यात बसून चहा पीत होतो.

वाईट वाटून घेऊ नका, प्रेमानंच हसली. तुम्ही गेलात, लिंगैक्य झालात, त्याला अकरा दिवस झाले होते. मंडळी तुमच्या घरी जाऊन तुमच्या कारभारणीला, अव्वांना, भेटून आली (मला तेवढा धीर झाला नाही) आणि सवयीनं मिलवर येऊन टेकली. तूर टाकायला येणाऱ्या माणसाला उमरग्यात दुसरीकडं बूड टेकवायची सवयच नाही. तुमची खुर्ची तेवढी मोकळी ठेवून सगळे पोत्यांच्या थप्पीवर बसले. कुणीतरी म्हणालं, "अण्णा कधी चुकले न्हाईत. आपली तूर दिली की आपलीच डाळ परत." त्यावर लोहाऱ्याकडचे बळीराम तात्या, ज्यांचा आवाज ट्रकच्या हॉर्नलाही मागं सारतो, ते म्हणाले, "चुकले की एकदा! कंप्युटरचं बटण दाबलं आन् नऊ दिवस उडीवले!"

झालं. चार वर्षांपूर्वीचा तो प्रसंग पुन्हा रंगवून सांगितला गेला. मीही हसलो. बहुतेक सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो, कारण अपराधी माणसाला आपलं हसू इतरांपेक्षा कमी पडेल अशी भीती असते.

ते बटण तुम्ही दाबलं नव्हतं. हे तुम्हाला माहीत होतं आणि मला. आता तुम्ही गेलात, म्हणजे ते माहीत असणारा मी एकटाच उरलो, असं मला त्या वेळी वाटत होतं. हे आज सांगितलं नाही तर तुमच्या नावावर ही एकच चूक कायमची चिकटणार, आणि ती माझी आहे. एवढं मनात आलं, आणि तरीही मी दुसरा कप मागितला. माझा धीर असाच असतो, चहा पिऊन येणारा.

तुमची माझी ओळख भुश्श्यानं करून दिली. तुरीची टरफलं उडून उडून तुमच्या ऑफिसातले तिन्ही कंप्युटर गुदमरायचे. एक काट्याला जोडलेला, कुणाची किती तूर आली ते लिहून घेणारा, दुसरा डाळीच्या पिशव्यांची लेबलं छापणारा, तिसरा पत्रव्यवहाराचा. दर महिन्याला त्यातला कोणीतरी मान टाकायचा आणि तुम्ही माझ्या दुकानात निरोप धाडायचा. मी ब्लोअर घेऊन यायचो, मशीन उघडून फुंकायचो, आणि आतून निघालेला भुस्सा तुम्ही कौतुकानं बघत म्हणायचा, "एवढी टरफलं तर माझ्या मशिनीतून बी निघत न्हाईत."

मला तुम्ही 'इंजिनेर' म्हणायचा. माझा डिप्लोमा दोन विषयांत अडकला आहे हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "दोनच ना? ऱ्हायलेल्या विषयांत तर हाय ना इंजिनेर."

काट्याच्या कंप्युटरचं दुखणं मोठं होतं. त्यातला प्रोग्राम सोलापूरच्या एका गृहस्थानं फार वर्षांपूर्वी लिहिलेला. तो गृहस्थ आता कुठं आहे कुणाला ठाऊक नाही, आणि प्रोग्राम जुनं विंडोज सोडून दुसरीकडं पाय ठेवायला तयार नाही. नव्या कंप्युटरवर घातला की रुसून बसायचा. जुन्या कंप्युटरचे भाग मिळेनात. मग मी एक दिवस मोठ्या ऐटीत सांगितलं, "अण्णा, एक दणकट सर्व्हर घेऊ. बंद खोलीत ठेवू. त्याच्या पोटात तीन व्हर्च्युअल मशिनं करू. लोखंड एकच, पण आत तीन कंप्युटर. प्रत्येकाला वाटेल आपण एकटेच आहोत. जुना प्रोग्राम जुन्या विंडोजसकट एका मशिनीत राहील, शेजारी नवं मशीन सुखानं चालेल."

हे मी दोन गावांत दोन गिऱ्हाइकांना समजावलं होतं आणि दोघांनीही मान हलवून विषय बदलला होता. तुम्ही मात्र खुर्चीत पुढं सरकलात.

"म्हंजे शेड," तुम्ही म्हणालात.

"शेड?"

"भूकंपानंतर सास्तूरला आमी पत्र्याच्या एका शेडात चार घरं ऱ्हायलो. मधी पोत्याचे पडदे. पत्रा एक, नळ एक, पर चार चुली. ह्याच्या घरात भांडण झालं तर त्याच्या घरात भाकरी करपत न्हवती. असंच ना?"

मी आजवर व्हर्च्युअलायझेशनवर बरंच वाचलं आहे. इतकं चोख कुठं सापडलं नाही. आता मीही गिऱ्हाइकांना असंच सांगतो, तुमचं नाव न घेता. हाही एक कबुलीजबाबच समजा.

सर्व्हरला बिनधुळीची खोली हवी होती आणि मिलमध्ये अशी एकच खोली होती, तुमची दुपारी आडवं व्हायची. तुम्ही तिथली खाट उचलून बाहेर ठेवायला लावलीत. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही कुठं झोपणार?" तर म्हणालात, "त्याला ऊन सोसत न्हाय म्हनतोस ना? मला सोसतंय." तेव्हापासून चार उन्हाळे तुम्ही चिंचेखाली झोपलात आणि तुमच्या खोलीत एक लोखंडी खोकं एसीची थंडी खात बसलं.

आता माझ्या पराक्रमांकडं वळतो. तुम्ही असताना हे सगळं तुम्हीच सांगायचा, मीठमसाला लावून. आता मलाच सांगावं लागणार.

पहिला पराक्रम बटणाचा. सर्व्हर आला, मी सॉफ्टवेअर चढवलं, आणि व्हर्च्युअल मशीन काही सुरू होईना. दोन दिवस झगडलो. मेमरी काढून घातली, सगळं पुसून पुन्हा चढवलं, तेही तीनदा. तुम्ही दारात उभं राहून विचारायचा, "इंजिनेर, एखादं बटण तर बंद न्हाय ना?" मी हसायचो. म्हणायचो, "अण्णा, हे पंख्यासारखं नसतं." शेवटी जाहीर केलं, मशीनच बिघडलेलं आलंय, परत पाठवू. खोकं बांधायला सुतळीसुद्धा तुमच्याकडूनच मागितली. सुतळी आणायला तुम्ही आत गेलात, तेवढ्यात मला आठवलं की मशीन सुरू होताना आत एक जागा असते, तिथं व्हर्च्युअलायझेशन चालू की बंद असं लिहिलेलं असतं. बघितलं. बंद. दोन दिवस बंद.

तुम्ही सुतळी घेऊन आलात तर मशीन चालू. मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "फार आतली दुरुस्ती करावी लागली."

तुम्ही सुतळीचा गुंडा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "म्हंजे बटणच ना?"

दुसरा पराक्रम मेमरीचा. मशिनीत मेमरी होती बत्तीस जीबी. मी उत्साहात तिन्ही मशिनांना बत्तीस-बत्तीस लिहून दिली. सकाळी एकटं काट्याचं मशीन चालू होतं तोवर झकास चाललं. दुपारी तिघंही जागी झाली आणि सर्व्हर असा रडायला लागला की बाहेर हमालांना वाटलं गिरणीचा पट्टा घसरला. मी तुम्हाला काय झालं ते सांगितलं. तुमचं उत्तर अजून कानात आहे.

"भूकंपात असाच एक वाटप करणारा आला हुता. तीन घरांच्या नावावर एकच ताडपत्री लिहून गेला. आमाला तिघांना वाटलं आपल्याला मिळाली. पाऊस आल्यावर कळलं."

त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी इंजिनेर कमी आणि ताडपत्रीवाला जास्त झालो.

मशिनांना मी नावं दिली होती एक, दोन आणि तीन. तुम्हाला ते पसंत नव्हतं. "शेडात कुणी एक नंबर, दोन नंबर ऱ्हात नव्हतं." मग तुमच्या शेजाऱ्यांची नावं आली. पत्रव्यवहाराचं मशीन झालं 'मास्तर', कारण शेडातले मास्तर सगळ्यांची पत्रं लिहायचे. लेबलं छापणारं झालं 'मैबूब', शेडातला शिंपी, ज्याच्या मशिनीची खटखट कधी थांबत नसे. आणि काट्याचं मशीन झालं 'धोंडाबाई'. मदतीचं धान्य यायचं ते मापून वाटायचं काम शेडानं तिच्याकडं दिलेलं होतं. "तिच्या मापाला कुणी हात लावत नव्हतं," तुम्ही म्हणालात.

"आणि तुमचं घर? चौथं?" मी विचारलं.

"म्या म्हंजे शेड की," तुम्ही म्हणालात, आणि सर्व्हरचं नाव 'शेड' पडलं. अजून तेच आहे.

बाहेरून येणाऱ्या माणसाला आपलं बोलणं वेड्यासारखं वाटायचं. "आज धोंडाबाई लई धिमी चालतीया." "मैबूबला जरा झोपू दे, लेबलं संपल्यात." एकदा एक पाहुणे काळजीनं विचारून गेले की धोंडाबाईंना दवाखान्यात का नेत नाही.

आणि एक वाद आपण कधीच मिटवला नाही. मी म्हणायचो, अण्णा, ही मशिनं आभासी आहेत. म्हणजे खरी नाहीत, असल्यासारखी वाटतात. तुम्हाला हा शब्दच आवडला नाही. "काम करतीया का न्हाय?" करतेय. "मग खोटी कशी? तुला हात लावता येत न्हाय म्हणून खोटी?" मी म्हटलं, पुस्तकात तसंच आहे. तुम्ही म्हणालात, "पुस्तकाला तूर मोजायला सांग."

आता तिसरा पराक्रम, ज्यासाठी हे सगळं लिहितोय.

व्हर्च्युअल मशिनीत एक सोय असते, स्नॅपशॉट. मशीन या घडीला जसं आहे तसं टिपून ठेवायचं. पुढं काही बिघडलं तर त्या घडीला परत जायचं. मी तुम्हाला सांगितलं, हा धोंडाबाईचा फोटो आहे, आता काळजी नाही. तुम्ही म्हणालात, "मला एक प्रत घरी न्यायला दे." मी म्हटलं, गरज नाही, फोटो आहे की. "फोटो हाय म्हंजे माणूस हाय का?" अण्णा, मी तेव्हा मनातल्या मनात हसलो. ज्या माणसाचं घर एका पहाटे मातीत गेलं तो सगळं एका छपराखाली ठेवायला का घाबरतो, हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं.

तुरीचा हंगाम ऐन भरात आला. तुमच्या मिलची रीत अशी की घरच्या डाळीसाठी आलेली तूर एकमेकीत मिसळायची नाही. ज्याची तूर त्याला त्याचीच डाळ. प्रत्येकाची तूर तेल लावून अंगणात वेगळी वाळत पडायची, आठ-दहा दिवस, आणि प्रत्येक ढिगात नंबराची पत्र्याची पट्टी खोचलेली. कुठला नंबर कुणाचा, हे धोंडाबाईला माहीत. गिऱ्हाइकाला पावती मिळायची, तिच्यावर नाव आणि नंबर. पण नऊ दिवस पावती तिरकी छापली जात होती. नाव यायचं, नंबर कागदाच्या कडेवरून खाली पडायचा. हे मला नवव्या दिवशी कळलं आणि मी लगबगीनं दुरुस्तीला आलो.

सकाळचे दहा वाजले असतील. तुम्ही बाहेर काट्यापाशी होता. मी विचार केला, प्रिंटरची जुनी मांडणी चांगली होती, फोटोतल्या घडीला परत जाऊ. फोटो नऊ दिवसांपूर्वीचा. मशिनीनं विचारलं की आत्ताचं सगळं नाहीसं होईल, चालेल का? हा प्रश्न मी आयुष्यात शेकडो वेळा बघितला असेल आणि एकदाही वाचलेला नव्हता. मी होय म्हटलं.

धोंडाबाई झकास सुरू झाली. पावती सरळ छापली. मी खूश. मग यादी उघडली. शेवटचं नाव नऊ दिवसांपूर्वीचं.

अंगणात चाळीसेक ढीग वाळत पडलेले. ढिगांवर नंबर होते. लोकांच्या घरी पावत्या होत्या, त्यांवर नावं होती. मधला धागा मी पुसून टाकला होता.

मी बाहेर आलो. म्हणालो ते असं, "अण्णा, धोंडाबाईला नऊ दिवसांतलं काही आठवत नाही."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मग अंगणाकडं. ओरडला नाहीत. "यप्पा," एवढंच कानडीत म्हणालात. मग जीपवाल्यांना गाठलंत, लोहाऱ्याला जाणारा, सास्तूरला जाणारा, सगळ्यांकडं एकच निरोप. ज्यांनी या नऊ दिवसांत तूर टाकली त्यांनी उद्या सकाळी यावं, चहा आपल्याकडं.

दुसऱ्या दिवशी अंगण भरलं. आणि मी सर्व्हरच्या खोलीच्या दारामागं उभा. तुम्ही सोडून कुणालाच खरं माहीत नव्हतं आणि मला ठाऊक होतं की आता माहीत होणार. दुकान टाकून मला जेमतेम वर्ष झालेलं. गावातल्या एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, अण्णांकडचं काम नीट झालं की माझ्या दवाखान्याचं बघू. उमरग्यात 'अण्णांच्या मिलची तूर घालवणारा' अशी ओळख झाली की मला ब्लोअर घेऊन सरळ हैदराबादची गाडी पकडावी लागली असती.

बळीराम तात्यांनी हॉर्न वाजवलाच. "पर हे केलं कुणी? त्यो कंप्युटरवाला कुठं हाय?"

"म्या केलं," तुम्ही म्हणालात. "बटण दाबलं म्या. म्हाताऱ्याचा हात. चुकला."

अण्णा, मी दाराच्या फटीतून बघत होतो. तुम्ही माझ्या दिशेला मानसुद्धा वळवली नाहीत. ज्या माणसानं काट्यावर बसलेली माशी हाकलून मगच वजन वाचलं, तो भर अंगणात खोटं बोलला, आणि आवाजही हलला नाही. मी बाहेर यायला हवं होतं. दोन पावलं. ती दोन पावलं मी टाकली नाहीत. हे मी तुमच्याशी कधी बोललो नाही.

पुढचं जे झालं ते मात्र मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही म्हणालात, "आपापली तूर वळखा." मला वाटलं, आता मारामारी होणार, तूर सगळी तुरीसारखीच. पण बायका पुढं झाल्या. ढिगाशी बसायच्या, मूठभर उचलायच्या, दाताखाली एक दाणा फोडायच्या. "ही माझी. वरच्या रानातली हाय, दाणा बारीक." "ही माझी न्हवं, आमच्यात एवढे खडे न्हाईत." "खडे तुझेच हाईत, मागच्या साली तुझ्याच डाळीनं माझी दाढ गेली." तुम्ही प्रत्येक ढिगाखाली ज्याचं त्याचं रिकामं पोतं घडी करून ठेवायला लावत होता, ते मला तोवर माहीत नव्हतं. एकीनं पोतं ओळखलं, तोंडाला तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ शिवलेला. दुसरीनं नवऱ्याच्या हातची गाठ ओळखली, म्हणाली, "असली आडमुठी गाठ दुसरं कोन मारनार?" दुपारपर्यंत अंगण रिकामं झालं.

एक ढीग उरला. किडका. त्याला कुणी वाली नव्हता. आणि एक आजोबा उरले, जे त्या ढिगाकडं बघायलाच तयार नव्हते.

तुम्ही म्हणालात, "ती माझ्या घरची तूर हाय. बाबा, तुमची माझ्यात मिसळली असंल, तुमाला माझ्या घरनं डाळ देतो." आजोबांनी मान खाली घालून व्हय म्हटलं. एका दिवसात दुसरं खोटं. पहिलं माझ्यासाठी, दुसरं एका म्हाताऱ्याच्या अब्रूसाठी.

सगळे गेल्यावर तुम्ही खोलीत आलात. मी "अण्णा," एवढंच म्हणालो आणि रडायला लागलो. तुम्ही म्हणालात, "साकु. पुरे. आता घरी न्यायची प्रत दे."

त्या दिवसापासून दोन हार्डडिस्क झाल्या. एक मिलमध्ये, एक तुमच्या घरी, दर सोमवारी अदलाबदल. सोमवारी सकाळी शंकराला जाऊन आलात की तुम्ही मिलवर यायचा, ताजी प्रत कापडी पिशवीत घालायचा आणि दुपारी जेवायला घरी जाताना स्वतः न्यायचा. पाऊस असो, ताप असो. दवाखान्याचं कामही मला मिळालं. डॉक्टर म्हणाले, अण्णांनी सांगितलंय, माणूस पक्का आहे, एक चूक दुसऱ्यांदा करत नाही. हे मात्र खरं सांगितलंत. मी दर वेळी नवी करतो.

वर्षानं एकदा, चिंचेखाली, मी धीर करून विचारलं होतं, "अण्णा, तुम्ही का म्हणालात तसं?" तुम्ही थेट उत्तर दिलं नाहीत. म्हणालात, शेडात एकदा तुमच्या विडीनं पोत्याचा पडदा पेटला होता. लोक धावून आले, कुणी केलं म्हणून ओरडायला लागले, तेव्हा धोंडाबाई म्हणाली, माझ्या चुलीची ठिणगी उडाली. "मग म्या विडी सोडली," तुम्ही म्हणालात आणि कुशीवर वळून झोपलात.

तर परवा, दुसरा कप संपल्यावर, मी उभा राहिलो. म्हटलं, "तात्या, ते बटण अण्णांनी नाही, मी दाबलं होतं."

मला वाटलं होतं सगळ्यांना धक्का बसेल. कुणालाच बसला नाही. बळीराम तात्यांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला.

"आरं, अण्णाला मोबाईल बंद करता येत न्हवता. आला फोन की फडक्यात गुंडाळून ठिवायचे. त्ये कंप्युटरचं बटण दाबत्याल व्हय?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"समद्यांनाच."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"अण्णा म्हनले 'म्या'. मग आमी कशाला म्हनावं 'न्हाय'?" आणि मग, जरा हळू, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, "तू कवा बोलतोस तेवढं बघत हुतो."

चार वर्षं तालुक्यातल्या सगळ्यांना माहीत असलेलं गुपित मी कुलूप घालून सांभाळत होतो. एवढा मोठा घोळ मी सर्व्हरवरसुद्धा घातला नव्हता. मंडळी पुन्हा हसली, या वेळी माझ्यावर. आणि अण्णा, किती दिवसांनी मला हलकं वाटलं म्हणून सांगू.

आज सोमवार. मागचा दुखवट्यात गेला, मिल बंद होती. सकाळी ताजी प्रत काढली आणि लक्षात आलं की ती न्यायला कुणी नाही. तुमची कापडी पिशवी खिळ्याला होती. तीच घेतली आणि पहिल्यांदाच तुमच्या घरी गेलो.

दार अव्वांनी उघडलं. पिशवी बघितली, मग मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"धोंडाबाई आली व्हय?" त्या म्हणाल्या. "आन् तू कोन, त्यो ताडपत्रीवाला?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"बा, कूत्को. बस हितं." त्यांनी देवळीतली जुनी डिस्क काढून दिली. तिच्यावर विभूतीची तीन बोटं ओढलेली. म्हणूनच की काय, या डिस्का एकदाही बिघडल्या नाहीत. नव्या डिस्कवर अव्वांनी तशीच तीन बोटं ओढली आणि ती देवळीत ठेवली, अगदी सरळ, जशी तुम्ही ठेवत असणार. मग समोर बसून म्हणाल्या, "दर सोमवारी जेवताना सांगायचे, आज इंजिनेरानं ह्यो घोळ घातला, त्यो घोळ घातला. हसून हसून ठसका लागायचा त्यास्नी. तुझं दोन दिवसाचं बटण ठाव हाय मला. ताडपत्री ठाव हाय. समदं ठाव हाय."

मी खाली बघत होतो.

"एकच घोळ त्यांचा," अव्वा म्हणाल्या. "ते नऊ दिवसाचं बटण. त्या साली आमी वर्षभर किडकी डाळ निवडून खाल्ली. लई बोलले मी त्यास्नी. म्हनलं, जमत न्हाय तर हात कशाला लावायचा? ऐकून घ्यायचे."

अण्णा, सगळ्या तालुक्याला माहीत होतं, आणि तुम्ही ते घरी सांगितलं नव्हतं. एका ताटाजवळ बसून चार वर्षं नाही सांगितलंत.

"अव्वा," मी म्हटलं, "ते बटण मी दाबलं होतं. अण्णांनी नाही. त्यांनी माझं अंगावर घेतलं."

त्यांनी देवळीतल्या डिस्ककडं बघितलं.

"आगं बाई," त्या म्हणाल्या. "आन् म्या त्यास्नी चार वर्षं टीव्हीच्या रिमोटाला हात लावू दिला न्हाय. म्हनलं, ह्यात बी कायतर उडवाल. म्या लावीन तेच बघत बसायचे."

मला हसू आलं. अव्वांनी पदर तोंडाला लावला, तो हसण्यासाठी की कशासाठी, ते मला कळलं नाही. मग त्या उठल्या. कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर, तुमचा हात सहज पोचला असता आणि तरी तुम्ही कधी घातला नसणार अशा उंचीवर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला रिमोट होता. त्यांनी तो काढला, पिशवी सोडली, पदरानं पुसला, आणि देवळीत धोंडाबाईच्या शेजारी ठेवला.